नुकताच पाहिलेला सिनेमा: किती गुण, आणि कशाचे?

ढगाळ_दुपार
गेल्या काही आठवड्यांत पाहिलेल्या सगळ्या सिनेमांना मी साडेतीन दिले. पाचपैकी. बहिणीने विचारलं, साडेतीन म्हणजे बघू की नको? मला उत्तर देता येईना. म्हणून ताऱ्यांना रजा, आता घरगुती मोजपट्टी.

पाच म्हणजे थिएटरात परत जाईन, तेही स्वतःच्या पैशाने. चार म्हणजे तिकीट वसूल. तीन म्हणजे घरी बघा, पण फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. दोन म्हणजे लसूण सोलत. एक म्हणजे मेथी निवडत.

माझे गुण:
दशावतार: ४. यातले साडेतीन एकट्या दिलीप प्रभावळकरांचे. वय ऐंशीच्या पुढे! ते पडद्यावर असताना दुसरीकडे बघवत नाही.
साबर बोंडं: ५. आल्यावर दोन दिवस कुणाशी फार बोलले नाही.
आता थांबायचं नाय: ४. मे महिन्यात थिएटरात पाहिला होता, आता घरच्यांसोबत परत.
जारण: ३. अमृता सुभाष आणि अनिता दाते दोघी जबरदस्त. मात्र शेवटच्या अर्ध्या तासात सगळं समजावून सांगायची घाई झाली.

तुमचे टाका. शेवट फोडणाऱ्याला मेथीची अख्खी जुडी.

रिकामटेकडा
रुमाल टाकून ठेवतो. संध्याकाळी सविस्तर लिहीन.

चिंगी
मोजपट्टी आवडली, पण तांत्रिक आक्षेप आहे. मेथी निवडताना नजर मेथीवर लागते, नाहीतर माती पोटात जाते. लसूण हाताच्या अंदाजाने सोलता येतो, नजर पडद्यावर राहते. म्हणजे मेथीवाला सिनेमा नुसता ऐकायचा. तसं असेल तर आपल्या निम्म्या मालिका मेथीत बसतात.

ढगाळ_दुपार
चिंगी, अगदी तोच हिशोब आहे. दिवे घे, म्हणजे हलकेच घे :)

आंबोलीचा_पाऊस
दशावतारबद्दल आमच्याकडून थोडं.

मी सावंतवाडीकडचा. लहानपणी जत्रेला रात्रभर दहीकाला, म्हणजे दशावताराचा खेळ, बघायचा आणि पहाटे आईच्या मांडीवर झोपायचं, हे ठरलेलंच. सिनेमात बाबुली मेस्त्री (प्रभावळकर) रंग लावायला बसतो ना, त्या प्रसंगाला आमची अख्खी रांग गप्प. आमच्याकडे कलाकार आपला रंग आपणच लावतात, लुगडं आपणच नेसतात, स्त्रीपार्टी पुरुषच करतात. लिखित संहिता नसते. कथानक ठरलेलं, संवाद मात्र उभ्या उभ्या रचायचे. समोरच्याने पुराणातला एखादा आडवा प्रश्न टाकला तर त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचं. पायपेटी, पखवाज आणि झांज, बस. पारसेकर, मोचेमाडकर, वालावलकर अशा कंपन्यांचे पेटारे गावात उतरले की शाळेत कुणाचं लक्ष नसायचं.

त्यामुळे पहिल्या अर्ध्याला माझे पाच. माका रडाक इला, सांगूक लाज कसली! पण मध्यंतरानंतर सिनेमा कलाकाराचा राहत नाही, नायकाचा होतो. खलनायक आले की मुंबईची हवा आली. आणि मालवणी बोलताना काही नटांची जीभ अडखळते ती अडखळतेच. प्रभावळकरांची अडखळत नाही.

एकूण साडेतीन. ताई, साडेतीन चालतील ना?

ढगाळ_दुपार
तुम्हाला चालतील, कारण कशाचे ते तुम्ही सांगितलंत.

वऱ्हाडी_ठेचा
मले त दुसरा भागच आवडला बाप्पा! पहिल्या भागात म्हातारा रडते, पोरगा रडते, आमची बायको रडते. दुसऱ्यात कुठं जीवात जीव आला. आमच्याकडे अमरावतीत लोकायनं शिट्ट्या मारल्या. माझे चार. कांताराची आठवण येते म्हनता त येऊ द्या नं, कोकनात देव नाईत का?

आंबोलीचा_पाऊस
ठेचाभाऊ, देव भरपूर आहेत. पण देवाला पार्श्वसंगीत एवढं लागत नाही.

रिकामटेकडा
आलो. माझं मत लोकांना आवडणार नाही.

साबर बोंडं: २. लसूण. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात मोठा पुरस्कार मिळाला, मान्य. मराठी सिनेमाचा तिथे प्रीमियर पहिल्यांदाच झाला, अभिमान आहे. पण कॅमेरा एका जागी ठेवून दिलाय आणि माणसं चौकटीत येतात, बसतात, उठतात, जातात. पार्श्वसंगीत नाहीच. वडील गेल्यावर मुलगा दहा दिवसांसाठी गावी येतो, लहानपणीचा मित्र भेटतो, घरचे लग्नाचं विचारतात. एवढं सांगायला पावणेदोन तासांच्या वर? माझ्या शेजारचे गृहस्थ घोरत होते आणि मला त्यांचा हेवा वाटला.

विषयाबद्दल काही आक्षेप नाही, गैरसमज नको. दोन पुरुषांचं प्रेम दाखवलंय आणि बटबटीत न करता दाखवलंय, उत्तम. तक्रार फक्त गतीची.

चिंगी
तुझा आयडीच रिकामटेकडा आणि तुला वेळ नाही?

मोसमकाठ
चिंगी +१

ढगाळ_दुपार
रिका, तू ज्याला काहीच घडत नाही म्हणतोस ना, तिथेच मला सगळं घडताना दिसलं. सुतकाच्या घरात असंच असतं. कुणी आलं की बसायचं, रडायचं, चहा, मग पुढचं माणूस. मधल्या वेळात जमिनीचं बोलणं आणि लग्नाचं बोलणं. त्या मुलाच्या, आनंदच्या, आईला सगळं ठाऊक आहे आणि ती त्यावर एकही भाषण देत नाही, फक्त नातेवाइकांचे प्रश्न परस्पर वळवते. त्या बाईसाठी पाच. संगीत घातलं असतं तर आम्ही कधी रडायचं ते दिग्दर्शकाने ठरवलं असतं.

बरं, तू पाहिलास कधी?

रिकामटेकडा
सकाळी पावणेअकराचा खेळ. शहरात तेवढा एकच होता. रात्रपाळी करून थेट गेलो.

ढगाळ_दुपार
!!!

काळा_कोट
साक्षीदार झोपेत होता, हे उलटतपासणीत सिद्ध झालेले आहे. साक्ष अग्राह्य.

रिकामटेकडा
वकीलसाहेब, हरकत! दशावतार मी त्याच अवस्थेत पाहिला आणि टक्क जागा होतो.

पणजीकर
यात एक खरी गोष्ट आहे. इफ्फीत, म्हणजे गोव्याच्या चित्रपट महोत्सवात, मी दिवसाला चार-चार सिनेमे बघतो. चौथ्याला मी जे गुण देतो ते सिनेमाचे नसतात, माझ्या कमरेचे असतात. २०२१ साली तिथे गोदावरी पाहिला तो नेमका सकाळचा पहिला, ताजातवाना होतो. जितेंद्र जोशीला त्या वर्षी अभिनयाचं रजत मयूर मिळालं तेव्हा आम्ही सगळे मराठी बोलणारे आपलंच बक्षीस असल्यासारखे मिरवत होतो. पुढे तो थिएटरात लागला तेव्हा भावाने पाहिला आणि म्हणाला, नाशिकचा घाट छान, बाकी माणूस सारखा चिडलेला का आहे?

नानाकाका
कारण घर नदीकाठी आणि आजोबा-वडिलांपासून सगळ्यांच्या मनात काहीतरी साठलेले. आम्ही नाशिककर चिडतो कमी, पण चिडलो की नदीवर जाऊन बसतो. सिनेमात ते बरोबर आले आहे. माझे ४.

आता माझा विषय. २०२५ च्या सप्टेंबरात दिल्लीत ७१वे राष्ट्रीय पुरस्कार दिले. "नाळ २" मधली चिमुकली साडी नेसून पुरस्कार घ्यायला गेली, ते तुम्ही सगळ्यांनी फोनवर पाहिलेच असेल. त्यातच उत्कृष्ट मराठी चित्रपट म्हणून नवा "श्यामची आई" निवडला गेला. म्हणून तो नातीबरोबर पाहिला.

मी अत्र्यांचा पाहिलेला आहे, अर्थात नंतरच्या काळात, शाळेने दाखवला तेव्हा. १९५३ चा. राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा पहिला चित्रपट तो, हे आमच्या पिढीला पाठ होते. वनमालाबाई आणि माधव वझे. तुलना करायची नाही असे ठरवून बसलो आणि पहिल्या पाच मिनिटांत करू लागलो. नवाही कृष्णधवल आहे. साने गुरुजी तुरुंगात आहेत आणि तिथून आठवणी सांगत आहेत, अशी मांडणी. ओम भुतकर गुरुजी म्हणून शोभतो. मला ते तुरुंगाचे प्रसंग अधिक भावले, कारण ते जुन्यात नव्हते आणि तुलना करायला काही हाती नव्हते.

नातीने विचारले, आबा, ती आई सारखी रागावते का? मी म्हटले, ती शिस्त. ती म्हणाली, मग तो मोठेपणी एवढा रडतो का? यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

माझे ३. नातीचे "माहीत नाही, पण परत नको".

चिंगी
नातीला इथे आयडी काढून द्या, काका.

एडिसनकर
न्यू जर्सीहून सलाम. तुमच्याकडे पावणेअकराचा खेळ तरी असतो. आमच्याकडे मराठी सिनेमा बहुधा एकदा, रविवारी दुपारी, तोही मंडळाच्या व्हॉट्सॲपवर पुरेशी नावं आली तर. त्यामुळे इथे मोजपट्टी वेगळीच. सिनेमा कसा होता यापेक्षा मध्यंतरात वडापाव होता का, आणि मुलं शेवटपर्यंत बसली का.

"बाईपण भारी देवा" आला तेव्हा मात्र इथेही बायका नटूनथटून आल्या होत्या. बायकोने पाच दिले. मी दोन दिले आणि परतीच्या वाटेवर गाडीत शांतता होती.

कोथरूडची_कांता
दोन का दिलेत ते सांगा, मग बोलू.

एडिसनकर
प्रत्येक बहिणीला एकेक दुःख वाटून दिलंय, एकेक रडण्याचा प्रसंग, आणि शेवटी मंगळागौरीत सगळं सुटतं. सहा बहिणी, सहा प्रश्न, एक स्पर्धा. फार आखीव वाटलं.

कोथरूडची_कांता
आखीव आहेच, कबूल. पण पन्नाशी-साठीच्या सहा बायका पडद्यावर मध्यभागी उभ्या आहेत आणि त्यांच्या गुडघ्यांबद्दल, पाळी जाण्याबद्दल, अबोला धरलेल्या बहिणीबद्दल बोलतायत, असं याआधी कितीदा पाहिलंत? आमच्या भजनी मंडळाने बस ठरवून पाहिला. त्यात एक वहिनी होत्या, ज्यांनी लग्नानंतर थिएटरात पाऊल टाकलं नव्हतं. बाहेर आल्यावर त्या थिएटरच्या पायऱ्यांवर झिम्मा खेळल्या. २०२३ साली मराठीत सगळ्यात जास्त चालला तो उगाच नाही. तुमचे समीक्षक काय लिहितात ते आम्ही वाचलंसुद्धा नाही.

माझे पाच. आणि मी परत गेले होते, स्वतःच्या पैशाने. म्हणजे नियमात बसतं.

रिकामटेकडा
पण सोबत गेलात म्हणून मजा आली. एकटीने लॅपटॉपवर पाहिला असतात तर?

कोथरूडची_कांता
तर तीन. मग काय झालं? लग्नाचं जेवण एकटीने डब्यात नेऊन खाल्लं तर तेही तीनच.

षड्ज
संथ सिनेमाचा मुद्दा निघालाच आहे तर "द डिसायपल"बद्दल लिहिते. चैतन्य ताम्हाणेचा, व्हेनिसला पटकथेचं पारितोषिक मिळालेला. जुना आहे (२०२०), पण मी परवा चौथ्यांदा की पाचव्यांदा पाहिला, म्हणून "नुकताच".

मी शास्त्रीय गाणं शिकते. शिकते म्हणजे अजून शिकतेच आहे, हेच माझं दुःख आणि सिनेमाचाही विषय. शरद नेरुळकर रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यावरून मोटारसायकल चालवतो आणि कानात माईंची, म्हणजे त्याच्या गुरुजींच्या गुरूंची, जुनी ध्वनिमुद्रणं. साधना, एकाग्रता, भूक, एकटेपण. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. एप्रिल २०२१ मध्ये त्या गेल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस सिनेमा नेटफ्लिक्सवर आला. मी पहिल्यांदा ऐकला तो आवाज असा, बाई नुकत्याच गेलेल्या असताना.

मुख्य भूमिकेतला आदित्य मोडक स्वतः गायक आहे, आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड हे जयपूर घराण्याचे गवई. म्हणून तंबोरा धरण्यापासून काहीच खोटं वाटत नाही. एरवी सिनेमातले गवय्ये तान घेताना हात असे हलवतात की माश्या हाकलतायत की काय.

सगळ्यात बोचतं ते हे, की शरद वाईट गात नाही. वाईट गात असता तर सोपं होतं. तो बऱ्यापैकी गातो. मेहनतीही आहे. आणि तरी ते येत नाही. गुरुजी त्याला भर मैफलीत टोकतात तेव्हा माझे स्वतःचे कान तापतात.

माझे पाच, पण मी तो कुणालाही बघ म्हणून सांगत नाही. गाणाऱ्यांना त्रास होतो आणि न गाणाऱ्यांना कंटाळा येतो.

वऱ्हाडी_ठेचा
ताई, मी न गानारा. कंटाळा आला, खरं सांगतो. पन तुमचं वाचून वाटलं का कंटाळ्याचा दोष सिनेम्याचा नसन.

काळा_कोट
त्याच दिग्दर्शकाचा "कोर्ट" मी दर वर्षी नव्या शिकाऊ वकिलांना दाखवतो. गटारात उतरणारा एक कामगार मरतो आणि एका लोकशाहिरावर खटला भरतात की याच्या गाण्याने त्याला आत्महत्येस प्रवृत्त केलं. वीरा साथीदार यांनी तो नारायण कांबळे केला. पुढे करोनात गेले ते. कवनं संभाजी भगतांची.

हिंदी सिनेमात न्यायालय म्हणजे टाळ्या आणि "ऑर्डर ऑर्डर". खऱ्या न्यायालयात पुढची तारीख मिळते आणि पंखा आवाज करतो. सिनेमात न्यायाधीश एका बाईचं प्रकरण घेतच नाहीत, कारण तिने बिनबाह्यांचा पोशाख घातलाय. लोक त्यावर हसतात. आम्ही हसत नाही. गीतांजली कुलकर्णींची सरकारी वकील दिवसभर शिळ्या आवाजात कलमं वाचते, मग लोकलने घरी जाते, वाटेत शेजारणीशी तेलाबद्दल बोलते, घरी स्वयंपाक करते. ती दुष्ट नाही, तिला फक्त काम उरकायचंय. इतकं अचूक आमच्या पेशाबद्दल कुणी दाखवलेलं नाही.

गुण ५. शुल्क आकारलेले नाही.

पणजीकर
संथ म्हणून कुणी बघत नसेल तर त्याच शिस्तीतला पण वेगळा, "ऑल वी इमॅजिन ॲज लाइट" बघा. कानला २०२४ मध्ये ग्राँ प्री मिळालेला, तीस वर्षांनी एखादा भारतीय सिनेमा तिथे मुख्य स्पर्धेत होता. मुंबईतल्या मल्याळी परिचारिका, बहुतांश संवाद मल्याळम आणि हिंदी, पण छाया कदमची पार्वती आपली. गिरणगावातल्या चाळीत आयुष्य गेलं आणि घर आपलं असल्याचा कागद एकही नाही. शेवटी ती रत्नागिरीकडे गावी परतते. बिल्डरच्या जाहिरातीच्या फलकावर दगड मारते तो प्रसंग बघून मी खुर्चीतच टाळी दिली. ५.

गिरणगावी
त्या कागदावरून लिहायलाच हवं. आमच्या चाळीत असे कागद नसलेले किती निघतील, मोजत बसायला नको. छाया कदम ज्या आवाजात बोलते तो आवाज जिन्यावर रोज ऐकू येतो.

पण मी आलोय "आता थांबायचं नाय"साठी. मी रात्रशाळेत शिकवतो. सिनेमात महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार, कोणी सफाईचे, कोणी नाल्यावरचे, वरिष्ठांच्या आग्रहाने दहावीला बसतात. खऱ्या घटनेवर आहे. आमच्याकडे वर्गात पन्नाशीचे गृहस्थ बाकावर बसतात तेव्हा पहिला महिना त्यांना हात वर करायची लाज वाटते. बेरीज येत असते, लिहिता येत नाही. दिवसभराचं काम करून आलेल्या माणसाचा डोळा साडेआठला मिटतो आणि आम्ही तास थांबवून चहा मागवतो. सिनेमात भरत जाधव वही उघडून नुसता बघत बसतो, ती नजर खरी आहे. सिद्धार्थ जाधवला पण इतकं आवरून काम करताना मी पाहिलं नव्हतं.

तक्रार एकच. सिनेमात इंग्रजीची भीती दाखवलीय, बरोबर. पण खरी भीती घरून असते. "या वयात कशाला?" हे बायको कमी आणि दहावी झालेला मुलगा जास्त विचारतो. ते अजून हवं होतं.

आमच्या वर्गाला घेऊन गेलो होतो, लालबागच्या भारतमातामध्ये. त्यांनी गुण दिले नाहीत. दुसऱ्या दिवशी सगळे हजर होते.

कोथरूडची_कांता
गिरणगावी सर, नमस्कार घ्या.

नानाकाका
भारतमाता अजून चालू आहे हे वाचून बरे वाटले. दादरचे चित्रा २०१९ साली बंद झाले. आमच्याकडची एकपडदा थिएटरे आता मंगल कार्यालये झाली.

एडिसनकर
मल्टिप्लेक्सने संध्याकाळी मराठी लावायचं असा सरकारी नियम झाला होता ना?

काळा_कोट
एप्रिल २०१५. आधी संध्याकाळी सहा ते नऊ असं जाहीर झालं, मोठा गदारोळ झाला, दहीमिसळ आणि वडापाववरून ट्विटरवर युद्ध झालं. मग ती वेळ ताणून दुपारी बारा ते रात्री नऊ केली. आता दुपारी सव्वाबाराला खेळ लावला तरी नियम पाळला जातो. कायदा करणाऱ्याने पळवाट स्वतःच आखून दिली की आमचं काम कमी होतं.

रिकामटेकडा
मग सरकारनेच मला झोपवलं म्हणायचं.

चिंगी
धागा भरकटला हो. कुणीतरी थ्रिलर सांगा. मी "वाळवी" पाहिला आत्ता कुठे, दोन वर्षं उशिरा. ४! स्वप्नील जोशीला इतका घाबरट आणि लबाड बघून मन भरलं. शेवट मात्र...

ढगाळ_दुपार
मेथी!! मेथीची जुडी!!

चिंगी
शेवट मात्र मी सांगणार नाही, एवढंच लिहीत होते गं. फक्त एक: नाव वाळवी का, ते शेवटी कळतं आणि कपाटामागे बघून यावंसं वाटतं.

मोसमकाठ
मी मालेगावचा. "सुपरबॉईज ऑफ मालेगाव" पाहिला का कुणी? रीमा कागतीचा. गावातल्या लोकांनी जे गुण दिलेत ते सांगतो: "बरा आहे, पण आमचाच चांगला होता."

मूळ गोष्ट अशी. गाव यंत्रमागाचं. शुक्रवारी माग बंद आणि कामगार सिनेमाला. नासिर शेखने "मालेगाव के शोले" काढला तो दोस्तांना घेऊन, जवळजवळ फुकटात. मग तिथे सुपरमॅन झाला. त्यावर फैझा अहमद खानचा माहितीपट आहे, "सुपरमेन ऑफ मालेगाव". तो आधी बघा. कॅमेरा सायकलवर बांधून ट्रॉली, बैलगाडीच्या दांड्याला माणूस लटकवून क्रेन. सुपरमॅन झालेला शफीक हाडकुळा, मागावर काम करणारा. त्याला तोंडाचा कर्करोग होता, सिनेमा झाल्यावर थोड्याच काळात गेला. माहितीपटात तो नाल्यावरून उडतो आणि आमच्या गावच्या नाल्यावरून कुणी उडू शकतं यावर पाहणाऱ्याचा विश्वास बसतो.

हिंदी सिनेमात सगळं स्वच्छ दिसतं. आदर्श गौरव उत्तम आहे, शेवटी सगळ्यांचं रडणंही होतं. पण यंत्रमागाचा आवाज कमी केलाय, संवाद ऐकू यावेत म्हणून. आमच्याकडे माग चालू असताना संवाद ऐकू येत नाहीत, लोक ओठांवरून ओळखतात. सिनेमाला ३, माहितीपटाला ५.

आंबोलीचा_पाऊस
हे भारी आहे. म्हणजे मला मालवणी खटकली, तुम्हाला मागाचा आवाज, वकीलसाहेबांना ऑर्डर ऑर्डर, ताईंना तानेचे हात. आपापल्या गावचा सिनेमा आला की सगळे कंजूष मास्तर होतो.

षड्ज
किंवा उलट. माझ्या भाच्याला "आत्मपॅम्फ्लेट" बघताना त्यातलं राजकारण काही कळलं नाही, मंडल काय, बाबरी काय. वर्गातल्या मुलीवर प्रेम करणारा मुलगा एवढंच दिसलं. तो पोट धरून हसला आणि पाच दिले. मी त्याच वर्षांतली, प्रत्येक बातमी ओळखीची, त्यामुळे मी हसतानाही जरा सावध. मीही पाच दिले. आशिष बेंडेला पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला त्याचा आनंद आहे.

रिकामटेकडा
मग ढगाळ, तुझ्या मोजपट्टीत एक रकाना वाढव. कुठे पाहिला, कुणासोबत, आणि आदल्या रात्री झोप झाली होती का.

ढगाळ_दुपार
झोपेचा रकाना फक्त तुझ्यासाठी ठेवते. बाकी कुणासोबत पाहिला हे सगळे न विचारताच सांगतायत.

बहिणीला हा धागा पाठवला. ती म्हणाली, एवढं वाचण्यापेक्षा एक सिनेमा बघून झाला असता.

वऱ्हाडी_ठेचा
मंडळी, तातडीचं काम. सासरे आलेत आठ दिवसासाठी. आज रात्री घरी काहीतरी लावा म्हनतात. हसवनारा पायजे, वाटेल ते दृश्य नको, संथ त अजिबात नको. लवकर सांगा, पापड तळून झाले.

नानाकाका
"हरिश्चंद्राची फॅक्टरी". फाळक्यांवर असूनही भाषणबाजी नाही. नंदू माधव पाहाच.

कोथरूडची_कांता
"नाच गं घुमा" लावा. मुक्ता बर्वे आणि नम्रता संभेराव. कामवाली बाई नसली की घराचं काय होतं, ते सासऱ्यांनाही कळू दे.

आंबोलीचा_पाऊस
"वळू"! गावातला मोकाट बैल पकडायला फॉरेस्टचा अधिकारी बोलावतात आणि अख्खं गाव त्याला सल्ले देतं. सासरे शेतकरी असतील तर याला पर्याय नाही.

वऱ्हाडी_ठेचा
शेतकरीच आहेत. वळू लावला. अर्ध्या तासात तीनदा पॉज करून सांगितलं का बैल असा धरत नसतात, त्या अतुल कुलकर्णीले काही समजत नाई. आता कुर्ता वर करून बसलेत आनि मोहन आगाशे आले का खदखदा हसतेत. गुन उद्या विचारून सांगतो, सध्या बोलू देत नाईत.